सवतीची आई

उल्का पिंपळखुटे मूळची अकोल्याची. बँकेने तिची लखनौला बदली केली तेव्हा ती चौतीस वर्षांची होती. आलमबागच्या शाखेत पहिल्याच आठवड्यात तिच्या आडनावाचा निकाल लागला. शिपायापासून मॅनेजरपर्यंत कुणालाच ते झेपेना, म्हणून सगळ्यांनी मिळून तिला 'पिंपल मॅडम' करून टाकलं. दोन-चार दिवस तिने डोळे वटारून पाहिलं. मग कंटाळून हाकेला ओ द्यायला लागली.

तेलीबागेत दोन खोल्या भाड्याने घेऊन ती एकटी राहायची. तिचं लग्न व्हावं म्हणून अकोल्यात अख्खं घराणं झटत होतं. लग्न झालेल्या माणसांनी इतरांना त्यात ओढायची एवढी घाई का करावी, हे मात्र तिला कधी कळलं नाही. "तुमचं बरं चाललंय ना बाप्पा? मग चालवा," असं ती फोनवर सांगायची आणि फोन ठेवून कुकर लावायची.

अशी बाई एक्केचाळिसाव्या वर्षी लग्न करून बसली, आणि तेही रांग मोडल्यामुळे.

महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत प्रसादाची रांग लागली होती. उल्का मधेच घुसली. मागून एक बारीक आवाज आला, "पापा, ये आंटी लाइन तोड़ रही हैं." वळून पाहिलं तर नऊ वर्षांची एक मुलगी आणि तिच्यामागे शरमेने लाल झालेला एक उंच, चष्मेवाला गृहस्थ. चूक उल्काची, आणि माफी मागत होता तो. त्याचं नाव चारुदत्त. मानक नगरला रेल्वेच्या संशोधन संस्थेत इंजिनियर. मुलीचं नाव जुई. बायको शर्मिष्ठा चार वर्षांपूर्वी आजारपणात गेली होती.

पुढचे सात-आठ महिने ही रांग लांबत गेली. शेवटी एका दुपारी चारुदत्तने चहाच्या कपाकडे बघत लग्नाचं विचारलं आणि म्हणाला, "घरात जुई आहे, ते तुला माहीत आहेच. आणि एक आईपण आहेत."

"तुझी आई?"

"नाही. म्हणजे... शर्मिष्ठाची."

उल्काने बिस्किट चहात बुडवलं, ते मोडून आत पडलं. "म्हणजे माझ्या सवतीची आई."

"तसं नको ना म्हणू."

"मग कसं म्हणू? दुसरा शब्द असला तर सांग."

चारुदत्तने बराच विचार केला. रेल्वेच्या डब्याखालची स्प्रिंग किती वजनाला किती दबेल हे तो झोपेतही सांगू शकला असता. हे काही त्याला सांगता आलं नाही.

मालिनीबाई सांगलीच्या. लेक गेली तेव्हा पाच वर्षांच्या नातीला सांभाळायला म्हणून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. त्याला आता पाचवं वर्ष चाललं होतं. या वर्षांत त्यांनी लखनौला एकदाही चांगलं म्हटलं नव्हतं, पण कॉलनीतल्या प्रत्येक घरात कोण आजारी आहे आणि कोण आजारी असल्याचं नाटक करतंय हे त्यांना ठाऊक होतं. हिंदी त्यांची स्वतःची होती. भाजीवाल्याला त्या "ओ भैया, ये दोडका इतना जून क्यूं है?" असं विचारत, आणि त्याला त्यातलं अर्धंच कळलं तरी तो घाबरून कोवळे दोडके काढून देई.

लग्नानंतर उल्का घरी आली त्या दिवशी मालिनीबाईंनी दारात तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि लगेच सांगितलं, "हे बघ, मी रडणार-बिडणार नाही. तूही रडू नकोस. जेवायला साडेआठला बसतो."

हाक कशी मारायची यावर पहिला खटका उडाला. 'आई' म्हणायला उल्काची जीभ वळेना. तिने 'काकू' म्हणून पाहिलं.

"मी तुझ्या कुठल्या काकाची बायको?" मालिनीबाईंनी विचारलं.

मग उल्काने नाव सोडूनच दिलं. "अहो, ऐकलं का," एवढ्यावर काम भागवलं. मालिनीबाई तिला समोर 'तू' म्हणत आणि पाठीमागे 'आमची बँकवाली'. दोघी रोज भांडत. एकीला ठेचा लागे, दुसरीला शेंगदाण्याची चटणी. एकीला पंखा तीनवर, दुसरीला एकवर. नवऱ्याला नावाने हाक मारायची की नाही यावर तर भांडणाचे मोसम असत. चारुदत्त अशा वेळी मन लावून वर्तमानपत्र वाचत असे. जुई गृहपाठ करता करता दोघींकडे बघत म्हणे, "यार, आप लोग थकते नहीं हो?"

कॉलनीत कुणी विचारलं, "ये आपकी सास हैं?" की उल्का "हाँ" म्हणून टाकी. खरं सांगायला तीन वाक्यं लागत, आणि तिसऱ्या वाक्याला समोरच्याचा चेहरा दुखवट्याला आल्यासारखा होई. त्यापेक्षा "हाँ" बरं. मालिनीबाईंना मात्र कसलीच लपवाछपवी जमत नसे. थंडीत बायका गच्चीवर उन्हाला बसून मटार सोलत, तेव्हा त्या शर्मिष्ठाबद्दल, तिच्या आजारपणाबद्दल, सगळंच सांगत. ऐकणाऱ्या हळहळत आणि कोवळे दाणे तोंडात टाकत.

अशी तीन वर्षं गेली. मग महिला मंडळाने स्पर्धा काढली. 'आदर्श सास-बहू'. बक्षीस मिक्सर.

घरातला मिक्सर चटणी वाटताना इतका ओरडायचा की शेजारचं बाळ उठायचं. मालिनीबाईंनी कुणाला न विचारता दोघींची नावं देऊन टाकली.

"आदर्श?" उल्का ओरडली. "आपण दोघी?"

"नाव त्यांचं. मिक्सर आपला."

स्पर्धा सोपी होती. सुनेने एका खोलीत बसून दहा प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहायची. मग सासूला स्टेजवर बोलवून तेच प्रश्न विचारायचे आणि उत्तरं जुळतात का बघायचं. सात जोड्या होत्या. आधीच्या सगळ्या एकमेकींबद्दल इतकं गोड बोलल्या की उत्तरं काही जुळली नाहीत. एका सुनेने लिहिलं होतं की सासूबाईंना राग येतच नाही. सासूबाईंनी स्टेजवर रागाची सात कारणं सांगितली.

मालिनीबाई माईक हातात घेऊन उभ्या राहिल्या. उल्का समोर खुर्चीवर.

"आंटीजी, बहू को कौन सा काम सबसे बुरा लगता है?"

"कोथिंबीर... वो, धनिया साफ करने का. करती है, लेकिन आधा फेकती है."

कागदावर तेच होतं.

"आपको गुस्सा किस बात पे आता है?"

"मैं कुछ बोली, तो ये हाँ-हाँ बोलती है, और करती नहीं. उस हाँ-हाँ पे."

तेही जुळलं. लोक हसायला लागले.

"सोने से पहले आप क्या करती हैं?"

"गॅस देखती. फिर लेटती. फिर उठके वापस गॅस देखती."

एकामागून एक उत्तर जुळत गेलं. उल्काला आत कुठेतरी गंमत वाटायला लागली. गोडीगुलाबीने वागणाऱ्या सहा जोड्यांना जे ठाऊक नव्हतं, ते तीन वर्षं तावातावाने भांडलेल्या दोघींना तोंडपाठ होतं. भांडायचं तर समोरच्याकडे नीट बघावं लागतं ना!

"आखरी सवाल. बहू रोती कब है?"

उल्काने कागदावर लिहिलं होतं, 'कभी नहीं.'

मालिनीबाईंनी माईक जवळ घेतला. "सामने नहीं रोती," त्या म्हणाल्या. "बाथरूम में जाके नळ चालू करती, तब रोती. महिने में एकाध बार. मैं फिर चाय रखती."

उल्काला आठवलं, बाथरूममधून बाहेर आलं की टेबलावर चहा असायचा. तिला वाटायचं, वेळच चहाची आहे.

हे एकच उत्तर जुळलं नाही. दहापैकी नऊ. त्यांच्या जवळपासही कुणी नव्हतं. सचिवबाईंनी मिक्सरचा खोका उचलला तेव्हा दुसऱ्या रांगेतून मिसेस त्रिवेदी उभ्या राहिल्या. त्यांची आणि त्यांच्या सासूबाईंची जोडी दुसरी आली होती.

"एक्सक्यूज मी. लेकिन ये सास-बहू हैं ही नहीं. आंटीजी ने खुद बताया है. ये तो पहली वाली की मम्मी हैं."

सचिवबाई भल्या होत्या. त्यांनी खोका अर्धवट हातात धरूनच विचारलं, "आंटीजी, तो फिर आप मैडम की लगती क्या हैं?"

मालिनीबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. तीन जिल्ह्यांना पुरेल एवढी जीभ असलेली बाई, पण त्या क्षणी त्यांना एक शब्द मिळेना. मग त्या म्हणाल्या, "नहीं लगती होगी. पर मेरेको इसका सब मालूम कैसे है फिर?"

पण नियम म्हणजे नियम. मिक्सर त्रिवेदींकडे गेला. यांना सहा वाट्यांचा एक सेट दिला, तो मालिनीबाईंनी खुर्चीवरच ठेवला. उल्काला तेव्हा काहीतरी बोलायचं होतं. बँकेत ती रिजनल मॅनेजरलाही ऐकवायची. पण जी बाई तीन वर्षं "हाँ" म्हणून वेळ मारून नेत होती, तिच्या तोंडून त्या दिवशीही काही बाहेर पडलं नाही. हे तिला पुढे बरेच दिवस टोचत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालिनीबाईंनी सांगलीला मुलाला फोन केला. "निरंजन, मला घेऊन जा."

निरंजन गेली तीन वर्षं याच फोनची वाट बघत होता. आठवड्यात हजर झाला. मऊ बोलणारा, मऊ शर्ट घालणारा माणूस. "वहिनी, तुम्ही खूप केलंत. पण आता आईचं इथं काय आहे? लोकही विचारतात," तो म्हणाला. चारुदत्त खिडकीतून बाहेर बघत राहिला. 'जाऊ नका' हे दोनच शब्द म्हणायचे होते, पण त्याला वाटलं, आपण ते कुठल्या हक्काने म्हणायचे? तो जावई होता की माजी जावई, हे त्याचं त्यालाच ठरवता आलेलं नव्हतं.

उल्का एवढंच म्हणाली, "बीपीची गोळी घेतली का बरोबर?"

"हाँ-हाँ," मालिनीबाई म्हणाल्या, आणि रिक्षात बसल्या.

पहिले चार दिवस घरात सुट्टी लागल्यासारखी मजा होती. तिघांनी जेवायच्या टेबलावर बसून राजरोस कबाब-पराठे खाल्ले. पंखा तीनवर राहिला. कोथिंबीर आणलीच नाही.

पाचव्या दिवशी उल्का आणि चारुदत्त भांडले. कारण काहीच नव्हतं. त्याने ओला टॉवेल पलंगावर टाकला, बस्स. पण या भांडणाचं पुढे काय करायचं हे दोघांनाही कळेना. आजवर उल्का तणतणत स्वयंपाकघरात जाई आणि म्हणे, "सांगा तुमच्या जावयाला." मालिनीबाई म्हणत, "मी नाही सांगायची, तूच निवडलास." मग त्या त्याला सांगत. तो टॉवेल उचले. सगळं वळसा घालून होई आणि वाटेत राग सांडून जाई. आता राग सरळ येऊन आदळत होता. दोन दिवस ते एकमेकांशी बँकेतल्या ग्राहकासारखं बोलले.

जुई तर बोलेनाशीच झाली. बारा वर्षांची पोर शाळेतून यायची आणि खोलीचं दार लावून घ्यायची. उल्काने विचारलं की, "कुछ नहीं."

मग एका गुरुवारी, ऐन गर्दीच्या वेळी, उल्काचा फोन वाजला. सांगलीहून.

"तू कुठंयस?"

"बँकेत. अजून कुठे असणार? लाइन लागलीय समोर."

"उठ आणि घरी जा. जुईला पाळी आलीय. पहिलीच आहे. शाळेतून लवकर आली नि बाथरूममध्ये बसून मला फोन केलान. तुला सांगू नको म्हणाली."

"मग सांगताय कशाला?"

"मी काय इथून सांगलीहून पॅड फेकू?" मालिनीबाई कडाडल्या. "आणि हे बघ, मी सांगितलं म्हणून सांगू नकोस. आपणहून आल्यासारखी जा."

उल्का काऊंटर बंद करून उठली. पिंपल मॅडम भर अकरा वाजता उठल्या म्हणून अर्धी शाखा बघत राहिली. तिने वाटेत पॅड घेतले, गरम पाण्याची पिशवी घेतली, आणि काय सुचलं कोण जाणे, जिलेबीही घेतली.

बाथरूमचं दार बंद होतं. आत नळ चालू होता.

तो आवाज ऐकून उल्का दारातच थबकली. मग तिने दारावर हलकी टकटक केली. "जुई, मी आहे. दाराशी पिशवी ठेवतेय. घाई नाही. मी चहा टाकते."

दहा मिनिटांनी जुई बाहेर आली. डोळे सुजलेले. टेबलावर चहा आणि जिलेबी. ती बसली, एक घोट घेतला आणि म्हणाली, "आज्जी ने बताया ना?"

"नाही तर. मला आपलं वाटलं, आज लवकर जावं."

"झूठ."

"हो. खोटं आहे."

जुईला हसू आलं, आणि हसता हसता ती परत रडली. मग तिने प्रश्न विचारायला सुरुवात केली. काही सोपे होते, काही असे की उल्काचे कान तापले. तिने सगळ्यांची उत्तरं दिली. जिथे माहीत नव्हतं तिथे "मालूम नहीं, बघून सांगते" म्हणाली. मधेच जुई म्हणाली, "मम्मी होती तो..." आणि थांबली. उल्का म्हणाली, "ती असती तर तिनेच केलं असतं हे सगळं. आणि जिलेबी माझ्याहून चांगल्या दुकानातली आणली असती." जुईने मान हलवली आणि तिसरी जिलेबी घेतली.

जुई झोपल्यावर उल्का बाल्कनीत गेली. चार वाजत आले होते. खाली भाजीची गाडी उभी होती. तिने सांगलीला फोन लावला.

"झालं सगळं व्यवस्थित," ती म्हणाली. "झोपलीय."

"जेवली?"

"जिलेबी खाल्ली."

"जिलेबी! अगं, काही अक्कल..."

"अहो, ऐकलं का," उल्का मधेच म्हणाली. "या ना परत."

मग मालिनीबाईंचा आवाज आला, नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत. "कोण म्हणून येऊ?"

उल्काला वाटलं, आता काहीतरी छान, शोभेलसं बोलावं. आई म्हणून या, असं. पण ते बोलली असती तर पलीकडच्या बाईने खोटं लगेच ओळखलं असतं.

"सवतीची आई म्हणून या," ती म्हणाली. "अजून कोण म्हणून? मला सवत एकच आहे, आणि तिला आई एकच. त्या दिवशी तिथं हॉलमध्ये हे मी मोठ्याने बोलायला पाहिजे होतं. फार चुकलं माझं."

"चुकलंच," मालिनीबाई म्हणाल्या. नाक ओढल्याचा आवाज आला. "मिक्सर गेला."

"मी घेते मिक्सर."

"तू नको. तू आवाज करणाराच आणशील."

गेल्यापासून पंधराव्या दिवशी त्या पुण्याच्या गाडीने चारबाग स्टेशनला उतरल्या. गाडी चार तास उशिरा आली. चारुदत्त रजा काढून पहिल्यापासून फलाटावर उभा होता. मालिनीबाई दिसताच तो पुढे झाला, वाकून नमस्कार केला, आणि जे इतकी वर्षं म्हणायचं राहिलं होतं ते एका दमात म्हणाला, "आई, परत जायचं नाही." त्यांनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सुकलास," त्या म्हणाल्या आणि बॅग त्याच्या हातात दिली. जुईने आजीच्या गळ्यात हात टाकले, मग कानात काहीतरी सांगितलं. दोघी उल्काकडे बघून हसल्या. काय सांगितलं ते उल्काला आजही कुणी सांगितलेलं नाही.

पुढे कॉलनीत कुणी विचारलं, तर उल्का तीनही वाक्यं पूर्ण सांगू लागली. समोरच्याचा चेहरा दुखवट्याला आल्यासारखा झाला की मालिनीबाई मागून म्हणत, "अरे भैया, इतना टेंशन मत लो. हमको नहीं है, तुमको कायको?" मिसेस त्रिवेदी एकदा खूप ओशाळून भेटायला आल्या. मालिनीबाईंनी त्यांना पोहे खाऊ घातले, सासूच्या गुडघ्याची चौकशी केली आणि मिक्सर कसा चालतोय तेही विचारलं. त्रिवेदीबाईंना पोहे गिळणं जड गेलं.

राहता राहिलं सांगली. मालिनीबाई इतक्या तडकाफडकी निघाल्या म्हणून निरंजन दुखावला होता. "इथं काय कमी होतं हो आईला?" त्याने चारुदत्तला विचारलं. चारुदत्तने फोन उल्काकडे दिला. उल्काने मालिनीबाईंकडे. मालिनीबाई मुलाला म्हणाल्या, "अरे, काही कमी नव्हतं. तुझी विभा सोन्यासारखी आहे. मी म्हणेन त्याला हो म्हणते. ऊठ म्हटलं की उठते, मीठ जास्त झालं तरी छान झालंय म्हणते. अकरा दिवसांत मी दहा वर्षांनी म्हातारी झाले रे. तिथं माझ्याशी कुणी नीट भांडतच नाही."

चार दिवसांनी उल्काच्या मोबाईलवर विभाचा फोन आला. निरंजनची बायको तशी अबोल. आजवर दिवाळीच्या शुभेच्छांपलीकडे दोघी बोलल्या नव्हत्या.

"उल्काताई, एक विचारू? हसणार नाही ना?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "तुम्ही आईंना उलट बोलता, ते... सुरुवात कशी करता?"

उल्का स्वयंपाकघराचं दार ओढून बाहेर आली. "चहापासून करा," ती म्हणाली. "चहा साखरेचा पाक झालाय म्हणा. आवाज चढवू नका, नुसतं म्हणा. पुढचं त्या बघून घेतात."

"पण त्या इथं नाहीत ना चहा करायला."

"मग फोनवर करा. त्यांनी तिथं करून ठेवलेल्या चटणीत मीठ जास्त आहे म्हणा."

"पण ते नाहीये जास्त."

"विभा," उल्का म्हणाली, "तुम्हाला भांडायचंय की चटणीचा निकाल लावायचाय?"

त्याच संध्याकाळी मालिनीबाई फोन कानाला लावून दिवाणखान्यात येरझाऱ्या घालत होत्या. आवाज पार खालच्या मजल्यापर्यंत जात होता. चटणीत मीठ किती असतं, ते कोण ठरवतं, आणि सांगलीच्या बाजारातल्या मिरच्यांना हल्ली काय झालंय यावर त्या वीस मिनिटं बोलल्या. पलीकडून विभाही काहीतरी बोलत असावी, कारण मधे मधे त्या थांबत आणि अधिक जोराने सुरू होत. फोन ठेवला तेव्हा चेहरा उजळून निघाला होता.

"ऐकलंस?" त्या उल्काला म्हणाल्या. "आमच्या विभेला वाचा फुटली! मला म्हणते, मीठ जास्त! पंधरा वर्षांत पहिल्यांदा बोलली बघ माझ्याशी."